कावेरीतीरी भेटलेली साकी

पौष वद्य पंचमी ही संत त्यागराजांची पुण्यतिथी. १८४७ साली याच तिथीस हा थोर रामभक्त तिरुवैयारू येथे कावेरीच्या काठी समाधिस्थ झाला. तंजावरनजीकच्या या क्षेत्री पुण्यतिथीचा दिवस घालविण्याचा योग मला आला, तो भाविक वाचकांस निवेदन करतो.

सकाळी समाधीसमोर शेकडो गायक-वादक मांडी घालून बसले आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या रागांतील पंचरत्न कृती सर्वांनी एककंठाने आळविल्या. पहिली कृती संस्कृतात, श्रीरामाच्या नामावलीची जणू माळच. ती मला अर्थासह कळली. उरलेल्या चार तेलुगू. तेथे मी स्वरांवरच विसंबलो. हे समाधिमंदिर बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कुळातील गायिकेने स्वतःची पुंजी वेचून १९२५ साली उभारले. त्या काळी उत्सवात स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता! तिने स्त्रियांचा स्वतंत्र उत्सव मांडला. पुढे १९४० च्या सुमारास सारे पक्ष एक झाले. आज स्त्री-पुरुष एकत्र बसून गातात.

दुपारी तंजावरास बृहदीश्वराचे दर्शन घेतले. मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले कुळाचा इतिहास मराठीत वाचताना ऊर भरून आला. जवळच एक वृद्ध कारागीर फणसाचे लाकूड कोरून वीणा घडवीत होता. चोवीस पडदे मेणात बसविताना तो प्रत्येक स्वर कानाशी ताडून पाही.

सायंकाळी एका देवळात हरिकथा ऐकली. कथा तमिळ, कथेकरीण तरुण. आणि मध्येच साकी! पाठोपाठ दिंडी! मराठी कीर्तनकारांकडून हे छंद तंजावरास आले आणि कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकात ते तेथील हरिकथेत रुजविले, हे ग्रंथांतून ठाऊक होते. कानांनी ऐकले ते मात्र त्या दिवशी प्रथमच.

शेजारी बसलेल्या तंजावरी मराठी आजीबाईंनी मला विचारले, “बुवा, तुमच्याकडे मुले हे शिकतात ना?”

मला उत्तर सुचेना. माझ्या कीर्तनास समोर बहुधा पांढरी डोकीच असतात, हे खरे. परंतु त्याहून बोचली ती दुसरीच आठवण. माझ्या नातीने दोनदा म्हटले होते, “आजोबा, मला कीर्तन शिकवा.” दोन्ही वेळा “आधी परीक्षा होऊ दे” म्हणून मीच तिला परतविले होते. श्रोते आटले म्हणून लोकांस दोष देणाऱ्या मीच दारी आलेला शिष्य दवडला होता!

घरी परतताच तिच्या हाती झांज दिली. पहिला पाठ साकीचाच. ताल अजून चुकतो. पण पहाटे मला उठवते तीच.