आजींचा प्रश्न

पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे 1900 साली जन्मलेल्या नेमिचंदाने 1913 मध्ये मिरी येथे रत्नऋषिजी महाराजांकडून दीक्षा घेतली. तेच पुढे आचार्य आनंदऋषिजी. या दीक्षेवर चार विद्यार्थ्यांनी केलेल्या लघुपटाची पहिली जुळणी पाहण्याचा योग नुकताच आला.

आरंभीची तीन मिनिटे डोंगर, ढग आणि ड्रोनची भरारी. दृश्य देखणे होते. त्यासाठी एक मुलगा चार दिवस पहाटे उठला होता. चित्रपट संपताच एका आजींनी विचारले, “बाळांनो, प्रतिक्रमण शिकायला त्याला आईनेच धाडले ना? मग ती माउली कुठे आहे?”

‘छान झाले’ या शब्दांनी संकलकाच्या हाती काहीच पडत नाही. या प्रश्नाने मात्र मुलांना नेमकी उणीव दिसली. त्यांनी प्रत्येक अभिप्राय मिनिट-सेकंदासह वहीत टिपला आणि मूळ प्रत तशीच ठेवून नवी जुळणी आरंभली. भरारी आठ सेकंदांवर आली. पहाटे उठणारा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. (नगरला शिकताना नागराज मंजुळे यांनी केलेल्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे त्याला तोंडपाठ!) तिसऱ्या दिवशी त्यानेच सुचवले: हुलासाबाईंसाठी केवळ रिकामा उंबरठा दाखवू, संगीत पूर्ण थांबवू.

दुसऱ्या वेळी त्या उंबरठ्यापाशी आजींनी चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाल्या, “शेवटची नावे फार घाईने सरकतात रे, वाचता येत नाहीत.”

वही पुन्हा उघडली गेली.