खर्ज आणि खांदा

बेस गिटारचं नवं स्पीकर-कॅबिनेट स्टेजवर ठेवलं की साउंडवाल्यापासून ढोलकीवाल्यापर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कितला वॅटना शे भो?" वजन कोणी विचारत नाही. मध्यरात्री धुळ्याहून जळगावला नव्वदेक किलोमीटर परतायचं असतं, तेव्हा तो खोका गाडीत चढवायला बेसवाला एकटाच उरलेला असतो.

आपल्याकडच्या बऱ्याच ऑर्केस्ट्रांत खर्जाचं काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर भागतं. तरीही हट्टानं चार तारा धरून बसलेल्यांसाठी हे चार शब्द.

बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. त्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर, आणि ती उठवायला भरपूर हवा ढकलावी लागते. म्हणून १९६९ साली आलेल्या अँपेगच्या एसव्हीटी अँपला दहा इंची आठ-आठ स्पीकरांची कपाटं लागत. त्या घाटाचं कॅबिनेट आजही साठ किलोंच्या पुढे भरतं. ध्वनितज्ज्ञ जे. अँटन हॉफमन यांनी यातली मेख नेमकी सांगून ठेवली आहे: लहान खोका, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी पदरात पडतात. तिन्ही देतो म्हणणाऱ्या दुकानदाराकडचा चहा प्यावा आणि निघावं.

मग वॅटचं काय? स्पीकर किती वॅट सोसतो, एवढंच तो आकडा सांगतो. खरा आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल. १०० डेसिबलचं कॅबिनेट १०० वॅटमध्ये जेवढं वाजेल, तेवढं वाजायला ९४ डेसिबलवाल्याला ४०० वॅट लागतात. ओहमकडेही लक्ष असू द्या. आठ-आठ ओहमची दोन कॅबिनेटं समांतर जोडली की चार ओहम होतात, बहुतेक अँपना ते झेपतं. चार-चारची दोन जोडली तर दोन ओहम होतात आणि अनेक अँप तिथं मान टाकतात.

आता आपल्या मैदानांचं. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहासारख्या जागी खर्जाला भिंतींचा आधार मिळत नाही, तो उघड्यावर विरून जातो. तिथं आपल्या खोक्यानं प्रेक्षक गाठायचा नाद सोडा. अँपच्या डीआयमधून, म्हणजे थेट आउटपुटमधून, तार मिक्सरला द्या, लोकांपर्यंत पोचवणं साउंडवाल्याकडे. आपलं कॅबिनेट आपल्याला आणि ड्रमवाल्याला ऐकू आलं की काम झालं. ते थोडं मागे कलतं ठेवा, कारण कान काही घोट्याला नसतात.

एवढ्या कामाला निओडिमियम चुंबकाचा एक बारा इंची स्पीकर पुरतो, वजन पंधरा किलोंच्या आसपास. हे चुंबक हलकं खरं, पण उष्णतेला नाजूक. साध्या प्रतीचं ८० अंशांपुढे जोर गमावू लागतं. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांना टेकतो, बंद डिकीत त्याहून वर जातो आणि वाजताना कॉइल स्वतःही तापते. तेव्हा डिकीतून काढल्या काढल्या फुल्ल आवाज नको. खोका प्लायचाच घ्या. भुशाच्या बोर्डाला पावसाचं पाणी लागलं की तो फुगतो.

दुकानात जाताना आपली गिटार आणि अँप न्या. आवाज पसंत पडला तरी पैसे लगेच देऊ नका, आधी तो खोका एका हातात धरून दुकानाचा जिना चढून-उतरून पाहा.