चकवा, घुबड आणि अमावास्या : रात्रीविषयी काय खरं, काय खोटं

रात्री उशिरा पायवाटेनं घरी निघालेला माणूस ओळखीच्याच रानात फिरत राहतो आणि पुन्हा पुन्हा त्याच आंब्याखाली येऊन पोहोचतो. कोकणात म्हणतात, याला चकवा लागला. रानातलं कुणीतरी वाट फिरवतं, अशी त्यामागची समजूत.

चकव्याची हकिगत सांगणारे थापा मारत नाहीत. माणूस खरोखरच गोल फिरतो. जर्मनीतल्या ट्युबिंगन इथल्या माक्स प्लांक संस्थेत यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोग करून पाहिला आणि २००९ साली तो प्रसिद्ध केला. जर्मनीतल्या एका सपाट जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात त्यांनी काही जणांना सोडलं, अंगावर जीपीएस दिलं आणि एकच सांगितलं : सरळ चालत राहा. जंगलात सूर्य दिसत होता तोवर मंडळी बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आल्यावर चालणारे मात्र गोल फिरू लागले, स्वतःच्याच पाऊलवाटा ओलांडू लागले आणि त्याचा त्यांना पत्ताही लागला नाही. वाळवंटात एक जण पौर्णिमेच्या सुमारास रात्री चालला. चंद्र दिसत होता तोवर त्याची दिशा चुकली नाही. चंद्र ढगाआड गेला, आणि तो वळत वळत जिथून आला होता तिकडेच तोंड करून चालू लागला. डोळे बांधून चालणाऱ्यांपैकी काहींची वर्तुळं तर जेमतेम वीस मीटर व्यासाची निघाली.

याचं कारण मेंदूत आहे. ‘सरळ’ म्हणजे कुठे, याचा अंदाज पावलागणिक किंचित चुकत जातो. एरवी लांबचा डोंगर, सूर्य, चंद्र, गावातला दिवा यांच्याकडे बघून ती चूक आपल्या नकळत दुरुस्त होते. अंधाऱ्या दाट रानात ती दुरुस्ती थांबते आणि चुका साचत जातात. चकवा लागला तर जागीच बसावं, उजाडल्याशिवाय हलू नये, असं जुनी माणसं सांगत आली. त्यांचं निदान चुकलं असेल, उपाय मात्र अगदी बरोबर आहे.

रात्रीविषयीच्या बहुतेक समजुतींचं असंच आहे. अंधारात माणसानं काहीतरी खरंखुरं पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं, फक्त त्याचा अर्थ घाईनं लावलेला असतो. रात्र ही मुळात निजानीज झालेली, रिकामी वेळ नाहीच. पृष्ठवंशीय प्राण्यांपैकी सुमारे ३० टक्के आणि अपृष्ठवंशीयांपैकी ६० टक्क्यांहून अधिक प्राणी निशाचर आहेत. त्यांचा दिवस आपल्या निजेच्या वेळी सुरू होतो.

आता डोळ्यांबद्दल. अंधारात माणसाला काही दिसत नाही, असं आपण धरून चालतो. खरं तर आपण डोळ्यांना वेळच देत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांतल्या, मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींना पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मधेच कुणी मोबाइल उघडला की ही सगळी तयारी वाया जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. या पेशींना तांबडा उजेड फारसा जाणवत नाही. म्हणून आकाशदर्शनाला जाणारे बॅटरीवर लाल जिलेटिनचा कागद लावतात.

आणि ते अंधारात ‘पेटलेले’ डोळे? बिबट्याचे, मांजराचे, गाईचे डोळे स्वतः प्रकाश देत नाहीत. त्यांच्या डोळ्यांत नेत्रपटलामागे एक चकचकीत थर असतो. नेत्रपटलातून निसटलेला प्रकाश तो परत पाठवतो, त्यामुळे कमी उजेडातही प्राण्याला अधिक दिसतं. आपल्या बॅटरीचाच उजेड तिकडून परत येतो आणि आपण दचकतो. हे ताडून पाहायला जंगलात जायलाही नको. पहिल्या पावसानंतर एखाद्या माळावर बॅटरी कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरून गवतावर उजेड टाकावा. दवाचे थेंब वाटावेत असे हिरवट-निळे ठिपके ठिकठिकाणी चमकतात. एका ठिपक्यावरची नजर न हलवता जवळ जावं. तिथे दव नसतं, बोटाच्या पेराएवढा लांडगा-कोळी बसलेला असतो. कधी ती मादी असते आणि तिच्या पाठीवर पिलांची दाटी झालेली असते. नीट पाहिलं तर त्या पिलांचे डोळेही लुकलुकताना दिसतात.

रात्रीच्या बदनामीचा सर्वांत मोठा वाटा घुबडाच्या माथी आला आहे. ते घरावर बसलं की मृत्यू येतो, त्याला दिवसा दिसत नाही, अंधारात मात्र सगळं दिसतं. हे तिन्ही समज चुकीचे. घुबडाला दिवसाही चांगलं दिसतं. मिट्ट काळोखात मात्र त्यालाही दिसत नाही, कारण डोळा कुठलाही असो, त्याला थोडा तरी प्रकाश लागतोच. मग काळोख्या कोठारात गव्हाणी घुबड उंदीर कसा धरतं? कानांनी. रॉजर पेन या अमेरिकी संशोधकानं पूर्ण अंधाऱ्या खोलीत हे प्रयोगानं दाखवून दिलं. पुढे देवमाशांची गाणी जगाला ऐकवणारे पेन ते हेच. गव्हाणी घुबडाचे दोन कान समान उंचीवर नसतात. त्यामुळे उंदराची खसफस दोन्ही कानांना किंचित वेगळी ऐकू येते, आणि तेवढ्या फरकावरून त्याला नेमकी जागा कळते. शेतातल्या उंदरांवर ताव मारणाऱ्या या पक्ष्याला अशुभ म्हणून दगड मारणं, किंवा दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी त्याला पकडून विकणं, हा कायद्यानं गुन्हा आहे आणि शेतकऱ्याचं उघड नुकसानही आहे.

त्यातही रानपिंगळ्याची कहाणी प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवी. १८८४ साली या घुबडाचा शेवटचा खात्रीशीर नमुना गोळा झाला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं हा पक्षी कुणालाच दिसला नाही. १९१४ सालची एक नोंद होती, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नावावर. पामेला रासमुसेन या पक्षितज्ज्ञ बाईंनी ती बनावट असल्याचं उघड केलं. जुनाच नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. ही खोटी नोंद बाजूला काढल्यावर शोध योग्य जागी सुरू झाला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन व त्यांच्या साथीदारांना शहाद्याजवळच्या जंगलात, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, रानपिंगळा दिसला. तो दिसला दिवसाउजेडी, निष्पर्ण झाडाच्या शेंड्याजवळ बसलेला. कारण हा पिंगळा प्रामुख्यानं दिवसाच शिकार करतो! ‘घुबड म्हणजे निशाचर’ हा आपला पाठ त्यानं एकट्यानं खोटा ठरवला आहे. पुढे तो मेळघाटात आणि मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला.

घुबडाच्या मर्यादेवरूनच वटवाघळाचं कोडं सुटायला सुरुवात झाली. इटलीतल्या लाझारो स्पालान्झानी या शास्त्रज्ञानं १७९३ च्या सुमारास पाहिलं की मेणबत्ती विझवल्यावर घुबड भिंतींवर आदळतं, वटवाघूळ मात्र बिनधास्त फिरतं. डोळे निकामी केले तरी त्याचं अडत नाही, पण कान बंद केले की ते धडकू लागतं. त्या काळी या निष्कर्षाची अनेकांनी टवाळी केली. १९३८ मध्ये हार्वर्डमध्ये डोनाल्ड ग्रिफिन आणि पीअर्स यांनी माणसाला ऐकू न येणारे आवाज टिपणाऱ्या यंत्रासमोर वटवाघूळ धरलं, तेव्हा कळलं की ते सतत ओरडत असतं आणि प्रतिध्वनीवरून वाट काढतं. म्हणजे वटवाघूळ आंधळं असतं हा समज दोन अंगांनी खोटा : एक तर त्याला डोळे असतात आणि दिसतं, दुसरं, आपल्याकडे वडा-पिंपळांवर शेकड्यांनी लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं प्रतिध्वनीवर विसंबतच नाहीत, ती डोळ्यांनी आणि नाकानंच फळं शोधतात. रक्त पिणाऱ्या जातींचं म्हणाल तर जगातल्या १४०० हून अधिक जातींपैकी त्या फक्त तीन, त्याही लॅटिन अमेरिकेत. भारतात एकही नाही.

मग रात्री घाबरावं असं काहीच नाही का? आहे. पण आपली भीती नेमकी चुकीच्या जागी असते. रातराणीच्या वासानं साप येतो म्हणून लोक झाड तोडतात. साप जिभेनं हवेतला वास टिपतो तो भक्ष्याचा माग काढण्यासाठी. फुलांच्या सुगंधाशी त्याला देणंघेणं नाही. झाडाखाली पालापाचोळा, बेडूक, उंदीर असतील तर तो येईल, मग झाड मोगऱ्याचं असो की कढीपत्त्याचं. खरी काळजी घ्यावी ती मण्यारीची. काळसर, चकचकीत अंग, त्यावर पांढरे बारीक आडवे पट्टे, शेपटीकडे ठळक आणि मानेकडे विरळ होत गेलेले. ही दिवसा बहुधा सुस्त असते आणि रात्री फिरते. भक्ष्य शोधत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की खूण सापडणं मुश्कील, वेदना आणि सूजही जवळजवळ नाही. डास किंवा मुंगी चावली असेल असं वाटून माणूस कूस बदलतो. काही तासांनी पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, गिळता येईनासं होतं आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच लुळे पडतात.

‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, तर सूज येणारच, नाहीतर साप बिनविषारी, हा समज म्हणूनच जिवावर बेततो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. मण्यारीवरचा साधा उपाय म्हणजे खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असतो, हे नेपाळच्या तराईतल्या पाहणीत स्पष्ट दिसून आलं. पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन कुणी जागं झालं तर मांत्रिकाकडे न नेता थेट रुग्णालय गाठावं.

पिंपळाखाली रात्री झोपू नये, तिथे मुंजा असतो. ही जुनी समजूत. पिंपळ चोवीस तास प्राणवायू सोडतो, हा मोबाइलवर फिरणारा नवा समज. दोन्ही सोडून द्यावेत. झाड प्राणवायू तयार करतं ते प्रकाशात, पाण्याचा रेणू फोडून. उजेड नसेल तर पिंपळालाही ते जमत नाही. रात्री तो आपल्यासारखाच श्वसन करतो, पण मोकळ्या हवेत त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं कुणाचं काही बिघडत नाही. शेजारी झोपलेला माणूसही तो वायू सोडतच असतो.

दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाला कवींनी प्रेमवीर करून टाकलं. शास्त्रज्ञांचंही बरीच वर्षं मत होतं की पतंग दिव्याला चंद्र समजून चुकतो. २०२४ साली सॅम्युअल फॅबियन, यश सोंधी आणि सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केलेलं चित्रण वेगळंच सांगतं. उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात. कोट्यवधी वर्षं रात्रीचं आभाळ जमिनीपेक्षा उजळच होतं, त्यामुळे पाठ उजेडाकडे म्हणजे पाठ वर, हा हिशेब कधी चुकला नाही. जवळच्या दिव्यापाशी मात्र पाठ वळवता वळवता ते त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतात. दिवा खाली असेल तर उलटे होऊन कोसळतात. पतंग दिव्याकडे ओढला जात नाही, त्याला तिथून सुटता येत नाही.

काजव्यांचं दुखणंही उजेडाचंच. मे अखेरीस आणि जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथली झाडं काजव्यांनी लखलखतात आणि माणसांची झुंबड उडते. काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक. त्याचं बरंचसं आयुष्य अळी म्हणून जमिनीवर, गोगलगायी खात जातं. पंख फुटल्यावर उरतात थोडे आठवडे, तेही जोडीदार शोधायला. शरीरातली दोन रसायनं आणि प्राणवायू यांच्या मेळातून त्याचा प्रकाश होतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. नर-मादीचं बोलणं या उघडझापीतूनच चालतं. तिथे गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलचे फ्लॅश पडले की ते बोलणं तुटतं, आणि पुढच्या वर्षीची पिढी त्या प्रमाणात घटते.

उरली अमावास्या. प्रवास नको, शुभकार्य नको, म्हणून टाळली जाणारी ही तिथी आकाशनिरीक्षक महिनाभर आधी वहीत लिहून ठेवतात. पौर्णिमेच्या चांदण्यात अंधूक तारे बुडून जातात. अमावास्येला, ढग नसताना, शहरापासून दूर गेलं तर हिवाळ्याच्या सुरुवातीला देवयानी दीर्घिकाही नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिचा प्रकाश इथे पोहोचायला सुमारे २५ लाख वर्षं लागलेली असतात. पण असं आभाळ दुर्मीळ होत चाललं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक प्रकाश-प्रदूषण नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांश माणसांना घरून आकाशगंगा दिसतच नाही.

महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी काय केलं? वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून उजेड फक्त खाली पडेल असे बसवले. गावं अंधारात गेली नाहीत. जिथे उजेड हवा तिथेच तो पडू लागला. आपल्या सोसायटीच्या फाटकावरचा, शेतातल्या खांबावरचा, देवळाच्या शिखरावरचा दिवा आज रात्री एकदा नीट पाहा. त्याचा उजेड आभाळात जात असेल तर वर झाकण बसवा, आणि गरज नसेल तेव्हा तो बंद करा.