घरचा स्टुडिओ, भाग ६ : चार लाखांचा कीबोर्ड घ्यायचा का?

लेखमाला सुरू झाल्यापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे. पैसे जमवलेत, घरीच गाणी करायची आहेत. मग एकदाच काय तो मोठा वर्कस्टेशन कीबोर्ड घेऊन मोकळं व्हावं, की लॅपटॉपवर भागवावं? माझं उत्तर आधीच सांगतो. स्टेजवर नेमाने वाजवत असाल तर कीबोर्ड घ्या, खोलीत बसून गाणी करणार असाल तर लॅपटॉप. आणि तीन-चार लाखांच्या वर्कस्टेशनची गरज आपल्या वर्धा जिल्ह्यात फार थोड्यांना आहे.

वर्कस्टेशन म्हणजे नुसता कीबोर्ड नव्हे. आवाजांचा साठा, वाजवलेलं थरावर थर टिपून ठेवणारा सिक्वेन्सर आणि इफेक्ट्स, सगळं एकाच डब्यात. 1979 च्या ऑस्ट्रेलियन फेअरलाइटने ही वाट दाखवली. पण त्याची किंमत ऐकून भल्याभल्या स्टुडिओंनी हात जोडले. साध्या वादकापर्यंत ती कल्पना पोचली 1988 च्या कॉर्ग एम-1 मुळे. आठ ट्रॅक, एका वेळी सोळा स्वर, आणि आवाजांचा अख्खा साठा चार मेगाबाइटचा. आज व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शुभ सकाळ’ म्हणत येणारा व्हिडिओही त्याहून जड असतो.

2011 मध्ये आलेला कॉर्ग क्रोनॉस हा या घराण्यातला बडा उस्ताद. त्याचं पोट उघडलं तर आत काय? त्या काळी स्वस्त, छोट्या लॅपटॉपांत असायचा तो इंटेलचा अ‍ॅटम प्रोसेसर, त्यावर लिनक्स आणि एक एसएसडी. म्हणजे संगणक नको म्हणून जे घ्यायचं, तोही संगणकच! फरक इतकाच की त्यावर दुसरं काही चालत नाही. ऐन गाण्यात अपडेट उगवत नाही, धाकट्या भावाचे गेम नसतात. हा फरक मी किरकोळ मानत नाही. गणपतीत देवळीच्या एखाद्या मंडळापुढे ऑर्केस्ट्रा रंगलाय, गायक मागे वळून म्हणतो, “काळी दोन नाही जमत, काळी एक घे.” ट्रान्सपोजचं बटण दाबलं की काम झालं. तिथे लॅपटॉपवर माऊस फिरवत बसणाऱ्याची फजिती ठरलेली. अर्थात क्रोनॉसला सुरू व्हायलाच दोनेक मिनिटं लागतात. लाईन गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत मधे यूपीएस नसेल, तर तेवढा वेळ निवेदकाने विनोद सांगायचे.

पण स्टेजसाठी तरी चार लाख कशाला? रोलँडचा एक्सपीएस-10 किंवा एक्सपीएस-30 लाखाच्या आत येतो, त्यात भारतीय वाद्यांचे आवाज आहेत, पट्टी बदलता येते. शेजारी ऑक्टोपॅड ठेवला की विदर्भातला कुठलाही लग्नाचा, जयंतीचा कार्यक्रम निभतो.

खोलीतल्या कामाचा हिशेब वेगळा. सोळा जीबी रॅमचा लॅपटॉप पन्नास-पंचावन्न हजार, ऑडिओ इंटरफेस दहा-बारा, बरा कंडेन्सर माईक आठ-दहा, हेडफोन पाच, एकोणपन्नास पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड दहा-बारा. रीपर हे सॉफ्टवेअर घरगुती वापराला 60 डॉलरमध्ये मिळतं. सगळं लाखाच्या आसपास. लॅपटॉप घरात असेलच तर निम्म्यात. चोरीचं सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका. नीतीची गोष्ट बाजूला ठेवली तरी ते नेमकं मिक्सिंगच्या दिवशी बंद पडतं.

स्वस्त मांडणीला पहिली ठेच लागते ती लेटन्सीची. पट्टी दाबली आणि आवाज उशिरा आला, की कंपनीला शिव्या घालून लोक पुन्हा चार लाखांकडे बघू लागतात. दोष बहुतेक वेळा सेटिंगचा असतो. संगणक आवाज एकेक थेंबाने देत नाही, गठ्ठ्यागठ्ठ्याने देतो; त्या गठ्ठ्याचं नाव बफर. 44,100 च्या सॅम्पल रेटला बफर 1024 ठेवलात तर तेवढ्यानेच सुमारे 23 मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि हात अडखळतो. 256 वर आणलात की तो सहाच्या आत येतो. हवेतून आवाज जेमतेम दोन मीटर जायला एवढाच वेळ लागतो. स्पीकरपासून तेवढ्या अंतरावर बसून वाजवताना तुम्ही कधी तक्रार केली होती का? वाजवताना बफर लहान ठेवा, मिक्सिंगला मोठा करा. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाकायला विसरू नका.

आता मला महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा. आपण इथे गाणी कसली करतो? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांचा हा मुलूख. गावोगावी भजनी मंडळं आहेत, भीमगीतं आहेत, लग्नातली गाणी आहेत. जपानी वर्कस्टेशनच्या हजारो आवाजांत ऑस्ट्रियन पियानो सापडेल, पण आपल्या मंडळातली खंजिरी सापडणार नाही. पावसाळ्यात तिचं कातडं सैल पडतं, वाजवायच्या आधी शेकावं लागतं, आणि अंगठ्याच्या दाबाने तिचा स्वर वर-खाली होतो. ती पट्टी दाबून वाजत नाही, माईक लावूनच टिपावी लागते. माईक सरळ तिच्या झांजांच्या तोंडी धरलात तर कानठळ्या बसतील. तो दीड-दोन फुटांवर, कातड्याकडे किंचित तिरका ठेवा. पैसा जायचाच असेल तर माईकवर जावा, असं मी म्हणतो ते यासाठी. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा कूलर बंद करून टेक घ्यावा लागतो. म्हणून पहाटेची वेळ बरी. ती अडचण चार लाखांनी सुटत नाही.

यंत्र कसं पारखावं याची एक जुनी कसोटी मला फार आवडते. 1929 मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावं, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, यंत्र वीस वर्षं चालावं आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर नसावी, अशा अटी होत्या. किर्लोस्करांचंही यंत्र उतरलं होतं, पण बक्षीस कोणालाच मिळालं नाही. (चरख्यांचे नाना प्रकार बघायचे तर वर्ध्याच्या मगन संग्रहालयात जा.) या कसोटीवर लॅपटॉप वीस वर्षांच्या अटीतच नापास होतो, हे कबूल करायला हवं. एम-1 अजूनही वाजतात. आतली बॅटरी तेवढी अधूनमधून बदलावी लागते. मात्र लॅपटॉप गेला तरी गाण्यांच्या फायली नव्यात जातात. वर्कस्टेशनमधलं गाणं त्या डब्याच्याच भाषेत अडकून बसतं, आणि पाच टक्के म्हणजे चार लाखांवर वीस हजार. मदरबोर्ड गेला तर नागपूरची वारी करून तेवढ्यावर सुटका झाली तरी नशीब समजा.

महाग-स्वस्ताचा भेद कानाला कळतो असंही नाही. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडच्या ज्युपिटर-8 या महागड्या सिंथेसायझरसोबत टीबी-303 हे छोटंसं, स्वस्त यंत्र जोडून दहा रागांची तबकडी काढली. पुढे अ‍ॅसिड हाउस नावाने जो आवाज गाजला, तो याच छोट्या डब्याचा. तबकडीकडे तेव्हा कोणी फारसं वळून पाहिलं नाही. ती 2010 मध्ये पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली.

एवढं वाचूनही वर्कस्टेशनवरच जीव असेल तर जुना बघा. बघायला जाताना हेडफोन आणि पेनड्राइव्ह न्या. प्रत्येक पट्टी आधी हलकी, मग जोरात दाबा. एखादी एकदमच मोठ्याने वाजली तर खालचं रबर धुळीने गेलेलं असतं, आणि आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात धूळ काही कमी नसते. पिच बेंड सोडल्यावर स्वर जागेवर येतो का ते ऐका. एक छोटं गाणं टिपून पेनड्राइव्हवर घ्या, बंद करून पुन्हा सुरू करा आणि तेच गाणं परत उघडा. मालक “त्याची काय गरज आहे” म्हणाला तर चहा घेऊन घरी या.

पुढच्या आठवड्यात : दहा बाय दहाच्या खोलीतला घुमारा.