धवळे : संहिता, स्वर आणि विधी

काव्य वाचावयाचे की ऐकावयाचे, हा प्रश्न मराठी काव्यविचारात बहुधा छंदचर्चेपुरता मर्यादित राहिला आहे. रायगडच्या किनारपट्टीवर, विशेषतः उरण, पेण, अलिबाग या परिसरातील आगरी समाजात लग्नप्रसंगी म्हटले जाणारे धवळे या प्रश्नाला निराळे परिमाण देतात. येथे शब्द, स्वर आणि विधी हे तीन घटक परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत.

‘धवळे’ ही संज्ञा प्राचीन आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने रुक्मिणी-स्वयंवराच्या कथेवर धवळे रचले. ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी ते म्हटले गेले, असे परंपरा सांगते. त्याच शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात ‘धवल’ या प्रबंधाची गणना केली. म्हणजे एकच नाव काव्यात आणि शास्त्रीय संगीताच्या ग्रंथात एकाच कालखंडात आढळते. मात्र केवळ नामसाम्यावरून आजचे आगरी धवळे हे त्या प्रबंधाचे थेट वंशज आहेत, असे म्हणता येणार नाही. मंगलप्रसंगी गावयाच्या रचनांची एक व्यापक परंपरा होती आणि तिचे शास्त्रीय, पंथीय व लोकजीवनातील आविष्कार वेगवेगळे झाले, एवढेच अनुमान सयुक्तिक ठरते.

आगरी बोलीत ‘ळ’चा उच्चार ‘ल’ होत असल्याने धवळ्याचा ‘धवला’ होतो आणि तो म्हणणारी ज्येष्ठ स्त्री ‘धवलारीन’ म्हणून ओळखली जाते. ती केवळ गायिका नसते; मांडव, हळद, लग्न यांतील विधी तिच्या म्हणण्याने पुढे सरकतात. या अर्थाने तिचे स्थान पुरोहिताचे आहे. चाल संथ, स्वरांचा पल्ला आटोपशीर असतो आणि वाद्याची गरज भासत नाही. त्यामुळे शब्द स्पष्ट ऐकू येतात. एका शब्दाची पुनरुक्ती छापील पानावर निरर्थक भासेल. मांडवात मात्र ती विधी पूर्ण होण्यास लागणारा अवधी भरून काढते.

याच किनारपट्टीवरील इतर प्रकारांशी तुलना केल्यास हे वैशिष्ट्य अधिक ठळक होते. गौरी-गणपतीच्या दिवसांत रंगणाऱ्या जाखडी नृत्यात गण, गौळण आणि शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब असतात. तेथे ढोलकी आणि घुंगरांची लय शब्दांना पुढे रेटते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगातील निरूपण आणि उत्तररंगातील आख्यान गद्यातून उलगडते, तर साकी, दिंडी, कटाव, अभंग पेटी-तबल्याच्या साथीने व रागांच्या आधाराने गायिले जातात. तेथे बोलणे आणि गाणे आळीपाळीने येतात. धवळ्यात मात्र म्हणणे आणि गाणे यांतील सीमारेषाच पुसट असते.

ही बाब ध्यानात न घेतल्यास दोन प्रकारची हानी संभवते. रंगमंचावर धवळ्याला द्रुत ताल आणि वाद्यमेळाची जोड दिली, की ऐकणाऱ्याच्या हाती चाल उरते व आशय निसटतो. दुसरीकडे संकलक जेव्हा पुनरुक्ती गाळून, बोली प्रमाणभाषेत बदलून पाठ छापतो, तेव्हा संहिता सुटसुटीत होते. परंतु काव्य हरवते. हळदीच्या रात्री ध्वनिक्षेपकावरील गाण्यांनी मांडव व्यापलेला असताना ही हानी भरून येण्याची शक्यता कमीच आहे, कारण हा ठेवा प्रामुख्याने वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आहे.

म्हणून पदव्युत्तर संशोधनात ध्वनिमुद्रण हीच मूळ संहिता मानून, कोणता धवळा कोणत्या विधीच्या वेळी म्हटला गेला, श्वास कोठे घेतला गेला, कोणत्या ओळी इतर स्त्रियांनी उचलल्या, यांची नोंद पाठासोबत करणे अगत्याचे आहे. वर्गातही महदंबेचे धवळे मोठ्याने म्हणून घेतले, तर मराठी काव्याचा इतिहास हा कानांचाही इतिहास आहे, याचा प्रत्यय विद्यार्थ्यांना येईल.