पुणेकरांच्या बाथरूममधलं पाणी दौंडच्या उसाला! मुंढव्याचं जॅकवेल नेमकं काय करतं?

उन्हाळा आला की पुण्यात एक वाद ठरलेला असतो. शहर म्हणतं पाणीकपात नको, तर दौंड-इंदापूरचे शेतकरी विचारतात, आमच्या आवर्तनाचं काय?

कारण दोघांचं पाणी एकाच साखळीतून येतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून साठा साधारण २९ टीएमसी. शहर वाढत गेलं, धरणं मात्र तेवढीच राहिली.

यावर काढलेला तोडगा सोपा वाटतो. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. ते शुद्ध करून शेतीला परत द्यायचं. त्यासाठी महापालिकेने मुंढव्याला जॅकवेल बांधलं. तिथे नदीतून पाणी उचलून जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘बेबी कालव्यात’ सोडलं जातं. उद्दिष्ट आहे वर्षाला ६.५ टीएमसी. म्हणजे रोज जवळपास ५० कोटी लिटर!

मग अडचण कुठे आहे?

पाणी थेट शुद्धीकरण केंद्रातून नाही, तर नदीतून उचललं जातं. आणि शहराचं सगळं सांडपाणी अजून शुद्ध होत नाही. प्रक्रिया न झालेलं पाणीही नाल्यांतून त्याच नदीत मिसळतं. त्यामुळे कालव्याच्या पाण्याला वास येतो, फेस येतो, अशा तक्रारी शेतकरी करतात. जायकाच्या मदतीने ११ नवे शुद्धीकरण प्रकल्प हाती घेतले गेले, ते याचसाठी.

सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं, म्हणून पीक जोमदार दिसतं. पण सोबत तीन धोकेही येतात. पहिला, रोगजंतू आणि जंतांची अंडी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सांगितलं होतं की कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू १००० पेक्षा जास्त नसावेत. दुसरा, क्षार. पाण्याची विद्युत वाहकता ०.७ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असेल तर चिंता नाही, ३ च्या वर गेली तर बहुतेक पिकांना ते झेपत नाही. सोडियम जास्त असेल तर काळी जमीन चोपण होते. तिसरा, कारखान्यांचं पाणी मिसळलं तर जड धातू. ते मातीत साचत जातात.

म्हणून असं पाणी उसाला दिलं तर धोका कमी, कोथिंबीर-पालकाला जास्त. ठिबक वापरलं तर पाणी पानांना लागत नाही. काढणीच्या काही दिवस आधी पाणी बंद केलं तर जंतू बरेच कमी होतात. वर्षातून एकदा माती आणि पाणी तपासून घेतलं तर क्षार वाढतायत का, ते वेळीच कळतं.

शेतकरी आपल्या बाजूने एवढं करू शकतो. पण पाणी मुंढव्याला पोचण्याआधी स्वच्छ करणं शहराच्याच हातात आहे. आणि त्या शेतातली भाजी शेवटी येते कुठे? पुण्याच्याच मंडईत.