खाणीतल्या हवेचा हिशेब

हिवाळ्यातल्या पहाटे पुणे-सातारा रस्त्यावरील वरवे बुद्रुकच्या परिसरात, शिवगंगेच्या खोऱ्यात, धुके साचते. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची थंड व जड हवा सखल भागात उतरते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. उन्हे चढली की झाकण उठते. धुक्याने कुणाचे फारसे बिघडत नाही. परंतु तोच खळगा माणसाने खणलेला असला आणि त्यात सुरुंग उडत असले, डंपर फिरत असले, तर त्या झाकणाखाली धूळ व धूर कोंडतो आणि तोच मजुराच्या छातीत जातो.

अतिशीत प्रदेशात हे संकट उग्र होते. सायबेरियातील मीर ही हिऱ्यांची उघडी खाण सुमारे ५२५ मीटर खोल गेली होती. तेथील उघडे खाणकाम २००१ मध्ये थांबले. अशा खोल खड्ड्यांत कडाक्याच्या थंडीत हवा दिवसेंदिवस हलत नाही. आपल्याकडची थंडी सौम्य असली, तरी शास्त्र तेच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर चौथे होते. त्यात औष्णिक वीजकेंद्राइतकाच उघड्या कोळसाखाणींचाही विचार करावा लागतो.

कोळशाच्या वा खडीच्या किमतीत मजुरी, डिझेल, दारूगोळा व स्वामित्वधन धरले जाते. खोकला धरला जात नाही. खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील ही तफावत पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच विशद केली होती. १९५२ च्या खाण कायद्याखाली सिलिकोसिस हा सरकारला कळविण्याचा रोग ठरला; पण तो कळविला जातो तेव्हा फुप्फुस निकामी होऊ लागलेले असते.

उपाय अवघड नाहीत. छिद्रे पाडताना पाणी वापरावे, वाहतुकीचे रस्ते ओले ठेवावेत, क्रशर झाकावेत आणि हिवाळ्यात सुरुंग हवा मोकळी झाल्यावरच उडवावेत. यामुळे उत्पादनखर्च वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल. वस्तुतः तो खर्च आजही होतोच. फक्त तो मालकाच्या वहीत न पडता मजुराच्या घरी औषधांच्या व बुडालेल्या रोजाच्या रूपाने पडतो. तो योग्य वहीत मांडण्याची सक्ती करणे, हे शासनाचे काम आहे.